बोटांनी पाहणारा चित्रकार

1912 साली बार्सिलोनात फ्रान्सेस्क गाली यांच्या कलाशाळेत एक एकोणीस वर्षांचा मुलगा दाखल झाला. रंगाची जाण उत्तम, पण आकार काही केल्या हाती लागेना. गालींनी त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, हातात वस्तू दिली, ती नीट चाचपायला लावली आणि मग आठवणीवरून तिचं चित्र काढायला सांगितलं. जोआन मिरोच्या चरित्रांत ही गोष्ट दोन ओळींत उरकली जाते. मला मात्र ती त्याच्या साऱ्या कामाची, विशेषतः मुद्राचित्रांची किल्ली वाटते.

घरच हातानं काम करणाऱ्यांचं. वडील घड्याळं आणि दागिने घडवणारे, आईचे वडील मायोर्का बेटावरचे सुतार. मुलानं हिशेबनीस व्हावं म्हणून वडिलांनी त्याला नोकरीला लावलं. 1911 मध्ये तो मनानं खचला, वर टायफॉइड झाला. बरं होण्यासाठी त्याला मोन्त्‌-रॉच गावच्या शेतघरात पाठवलं. ही माती त्याला जन्मभर पुरली. 1921-22 मध्ये नऊ महिने खपून त्यानं ‘शेतघर’ रंगवलं. काळ्या वर्तुळातून उगवलेला निलगिरी, भेगाळलेली भिंत, बादली, गोगलगाय, पाल, सगळं सारख्याच जिव्हाळ्यानं. पॅरिसला जाताना त्यानं शेतातलं वाळलेलं गवतसुद्धा बरोबर नेलं होतं. हे चित्र अर्नेस्ट हेमिंग्वेनं 5000 फ्रँकना घेतलं; आज ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात आहे.

पुढची अतिवास्तववादी वर्षं, तारे, पक्षी, बायका, शिड्या, हे मिरोचं जगाला ठाऊक असलेलं रूप. ‘लहान मुलासारखी चित्रं’ हा शिक्काही तिथूनच बसला. तो मला मुळीच पटत नाही. मूल इतका काळा रंग वापरत नाही.

तो काळा रंग पाहायचा तर छापांकडे वळावं लागतं. 1938 मध्ये चित्रकार लुई मार्कुसीच्या स्टुडिओत तो तांब्याच्या पत्र्यावर कोरायला शिकला. स्पेनमध्ये यादवी पेटलेली होती. 1940 मध्ये जर्मन फौजा फ्रान्समध्ये घुसल्यावर तो पत्नी पिलार आणि लहान मुलीला घेऊन मायदेशी परतला. तिथे आता यादवी जिंकलेल्या हुकूमशहा फ्रँकोची राजवट होती. मिरो प्रजासत्ताकाच्या बाजूचा. 1937 च्या पॅरिस प्रदर्शनातल्या स्पेनच्या मंडपासाठी त्यानं बंड पुकारणारा कॅटलन शेतकरी भिंतभर रंगवला होता. ते चित्र पुढे गहाळ झालं.

या कोंडीत 1944 साली ‘बार्सिलोना मालिका’ छापली गेली. पन्नास शिलामुद्रणं, सगळी निव्वळ काळी-पांढरी. प्रकाशक जोआन प्रात्स हा त्याचा तरुणपणापासूनचा मित्र, टोप्यांच्या दुकानाचा मालक. तंत्र तेच, ज्यावर आपल्याकडे शिळाप्रेसच्या पोथ्या आणि राजा रविवर्म्याच्या छापखान्यातल्या देवदेवता निघाल्या: तेलकट खडूची रेघ दगडावर उतरते, ओल्या दगडावर शाई फक्त त्या रेघेलाच धरते. मिरोनं आधी कागदावर काढून ती चित्रं दगडावर उतरवली. फुगलेल्या डोक्यांचे, करवती दातांचे राक्षस आणि त्यांच्यासमोर हात वर केलेल्या बायका, मुलं. खडूचा दाब कुठे वाढला आणि कुठे हात थरथरला, हे कागदावर स्पष्ट दिसतं. विक्रीसाठीच्या प्रती पाचच. तरीही युद्धकाळातल्या युरोपात हुकूमशाहीविरुद्ध उभी राहिलेली इतकी ठाम मुद्राचित्रं फार थोडी आहेत, असं माझं मत आहे.

1947 मध्ये तो न्यूयॉर्कला स्टॅन्ली विल्यम हेटरच्या ‘आतेलिए 17’ या मुद्रण-कार्यशाळेत काम करायला गेला. (याच आतेलिएच्या पॅरिसच्या घरात पुढे आपले मुद्राचित्रकार कृष्णा रेड्डी घडले.) त्याच वर्षी पॉल एल्युआरच्या कवितांसाठी लाकडी ठसे करायचं ठरलं. काम अकरा वर्षं चाललं. ठसे 233. नुसतं कोरून मिरोचं भागेना. फळीवर तारा, कागद चिकटवून त्यानं त्यांचेही छापे घेतले. 1958 मध्ये पुस्तक निघालं तेव्हा एल्युआरला जाऊन सहा वर्षं झाली होती. त्याआधी, 1954 च्या व्हेनिस बिएनालेत मिरोला मोठा पुरस्कार मिळाला, तोही मुद्राचित्रांसाठीच.

पंचाहत्तरीकडे झुकताना त्याला कार्बोरंडम सापडलं. काच-दगड घासायची ही कडक पूड राळेत कालवून पत्र्यावर लावायची. ती वाळली की खरखरीत थर शाई पिऊन घेतो. तंत्र चित्रकार ऑन्री गोएट्झचं. त्यावरच्या त्याच्या पुस्तकाला मिरोनं आनंदानं प्रस्तावना दिली. या छाप्यातला काळा कागदात खोल रुततो, त्याच्या कडा वर उचललेल्या असतात. पट्टी बांधून वस्तू चाचपणाऱ्या त्या मुलाला पन्नासहून अधिक वर्षांनी असं चित्र मिळालं, जे बोटांनाही कळतं.

म्हातारपणीही तो गप्प बसला नाही. 1970 मध्ये फ्रँकोच्या लष्करी न्यायालयानं बास्क कार्यकर्त्यांवर चालवलेल्या बुर्गोस खटल्याच्या निषेधार्थ मोन्सेराच्या मठात ठाण मांडणाऱ्यांत तो होता. 2 मार्च 1974 रोजी साल्वाडोर पुइग आंतिक या तरुण अराजकवाद्याला फ्रँकोच्या राजवटीनं गळा आवळून देहदंड दिला. त्याच सुमारास मिरोनं तीन मोठे कॅनव्हास पुरे केले: पांढऱ्यावर एकच काळी रेघ, जी वळते, पण स्वतःला मिळत नाही.

25 डिसेंबर 1983 रोजी पाल्मा इथे तो गेला, नव्वद वर्षांचा होऊन. बार्सिलोनाला जाल तेव्हा मोन्त्जुइकच्या टेकडीवरच्या त्याच्या संग्रहालयात ते तीन कॅनव्हास जरूर पाहा. आणि जमलं तर मायोर्कालाही जा. तिथल्या त्याच्या संस्थेत मुद्रणाची कार्यशाळा आजही चालते.