खोडदच्या तबकड्या आणि त्यांच्या सावलीतली गावे

जुन्नर तालुक्यात नारायणगावहून खोडदच्या रस्त्याला लागले की द्राक्षबागांच्या वर मान काढून उभ्या असलेल्या पांढऱ्या तबकड्या दिसू लागतात. एकेकीचा व्यास 45 मीटर आणि अशा एकूण 30. त्यांतल्या 14 खोडदजवळ दाटीने उभ्या आहेत, तर 16 तीन बाहूंवर दूरवर पसरल्या आहेत. दोन टोकांमधले अंतर सुमारे 25 किलोमीटर भरते. ही जीएमआरटी, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातील केंद्राने गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली रेडिओ दुर्बीण. इतकी मोठी वस्तू शिवारात उभी राहिली की तिच्याभोवती समजही उभे राहतात. त्यांतले काही साफ खोटे आहेत. काहींत मात्र तथ्य आहे, आणि ते झाकण्यात कुणाचेच हित नाही.

तबकड्यांतून किरणे निघतात आणि त्यांनी माणसांना, जनावरांना, पिकांना अपाय होतो, हा समज पूर्णपणे चुकीचा आहे. जीएमआरटी काहीही प्रक्षेपित करत नाही. ती फक्त आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी ऐकते, आणि त्या लहरी कल्पनेपलीकडे क्षीण असतात. एखादा मोबाईल चंद्रावर नेऊन सुरू केला, तर पृथ्वीवरून तो आकाशातल्या सर्वांत प्रखर रेडिओ स्रोतांपैकी एक वाटेल. अपायाची भीती धरायचीच तर ती दुर्बिणीने आपल्या उपकरणांची धरायला हवी.

दुसरा समज असा की दुर्बिणीमुळे परिसरात कारखाना येऊच शकत नाही, मोबाईल टॉवर लागत नाहीत. सरसकट बंदी नाही. नारायणगावात मोबाईल चालतात, तिथला टोमॅटोचा बाजार तर राज्यभर प्रसिद्ध आहे. पण नवा उद्योग काढायचा तर दुर्बिणीच्या व्यवस्थापनाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि टॉवरच्या जागा ठरवताना तिचा विचार करावा लागतो. ज्याला आपल्याच तालुक्यात लहानसे वर्कशॉप टाकायचे आहे, त्याच्यासाठी हा खराखुरा अडथळा आहे. ‘गैरसमज’ म्हणून तो उडवून लावणे अन्यायाचे होईल.

हा अडथळा सर्वांत ठळक झाला तो पुणे–नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेच्या निमित्ताने. नारायणगावजवळून जाणारा मार्ग जीएमआरटीला बाधक ठरेल, या कारणाने तो बाजूला ठेवून शिर्डीमार्गे पर्याय पुढे आला. जुन्नर, आंबेगावात त्यावर संताप उसळला. पिढ्यान्‌पिढ्या रेल्वेची वाट पाहणाऱ्या माणसाला आकाशगंगेचे कारण सांगितले, तर तो चिडणारच.

यातूनच तिसरा समज पसरला, की शास्त्रज्ञ आडमुठेपणा करतात. दुर्बिणीला फिल्टर बसवा किंवा ती दुसरीकडे हलवा. फिल्टर आहेतच. दुर्बीण साधारण 120 ते 1450 मेगाहर्ट्झदरम्यान काम करते, मोबाईलचा 900 चा पट्टा त्याच्या मधोमध येतो आणि ठरावीक पट्टा गाळता येतो. पण विजेवर धावणाऱ्या गाडीचा वरच्या तारेशी स्पर्श सुटतो तेव्हा ठिणग्या पडतात. त्यांचा गोंगाट एका पट्ट्यात न राहता सगळीकडे पसरतो. तो गाळायचा तर ऐकायचे तेही त्याच्याबरोबर गाळले जाते.

ऐकायची वारंवारता आपल्याला बदलूनही घेता येत नाही. हायड्रोजनची लहर मुळात 1420 मेगाहर्ट्झची. विश्व प्रसरण पावत असल्याने दूरच्या दीर्घिकेतून येताना ती ताणली जाते. 2023 मध्ये जाहीर झालेल्या एका शोधात, 880 कोटी वर्षांपूर्वी निघालेली अशी लहर जीएमआरटीने टिपली. ती आपल्यापर्यंत पोहोचली तेव्हा 620 मेगाहर्ट्झच्या आसपास उतरली होती. कुठल्या अंतरावरची दीर्घिका कुठे सापडेल, हे निसर्ग ठरवतो. जागेचेही तसेच आहे. भोवतालच्या डोंगरांनी शहरांचा रेडिओ गोंगाट अडतो, म्हणून तर खोडद निवडले गेले. पाया घालून उभ्या केलेल्या 30 तबकड्या उचलून नेणे म्हणजे नवी दुर्बीण बांधणे.

गावांना यातून काहीच मिळत नाही, हेही पूर्ण खरे नाही. दरवर्षी 28 फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, खोडदला मोठे प्रदर्शन भरते. आसपासच्या शाळांतली मुले स्वतः केलेले प्रयोग मांडतात आणि जगातल्या अव्वल दुर्बिणीजवळ उभी राहून तिथल्या शास्त्रज्ञांना प्रश्न विचारतात. मला हे फार मोलाचे वाटते. तरीही एका रेल्वेमार्गाची भरपाई प्रदर्शनाने होत नाही. दुर्बीण साऱ्या जगातील खगोलशास्त्रज्ञ वापरतात, आणि तिच्यासाठी लागणारी शांतता मात्र दोन-चार तालुके पुरवतात.

म्हणून मागणी करायची तर ती नेमकी असावी. कोणते उद्योग चालतात, कोणते नाहीत, ना-हरकत प्रमाणपत्र किती दिवसांत मिळेल, हे सोप्या मराठीत प्रत्येक ग्रामपंचायतीत लावलेले असावे. रेल्वे वळवली तर या तालुक्यांना जोडणारा दुसरा कोणता मार्ग, त्याला पैसा कुठून, तो कधी पुरा होणार, हे सरकारने लेखी द्यावे.