‘ढ’ हा शिक्का कोणी मारला?

वर्गात मागे पडणाऱ्या मुलाला आपल्याकडे ‘ढ’ म्हणतात. आपल्या मुलांवर हा शिक्का दोनदा बसतो : एकदा वहीवरून, एकदा जातीवरून. सुस्थित घरातील मूल वाचताना अडखळले की त्याची तपासणी होते. आपले मूल अडखळले की ‘यांच्या डोक्यात मुळात नाहीच’ म्हणून प्रश्न निकालात निघतो.

अध्ययन अक्षमता म्हणजे मंदबुद्धी नव्हे. बुद्धी शाबूत असते. लिहिलेले अक्षर आणि त्याचा ध्वनी यांची सांगड मात्र सहज बसत नाही. कोणाला लेखन जड जाते, कोणाला आकडेमोड. १९९५ च्या अपंग कायद्यात या अडचणीची नोंद नव्हती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ती मान्य केली आणि अशी मुले लवकर ओळखण्यास शिक्षणसंस्थांना बजावले. पण सवलत दाखल्यावर मिळते, दाखला तपासणीवर, आणि तपासणीसाठी आईबापांना मजुरी बुडवावी लागते.

वर्धा जिल्ह्यातील आमच्या महाविद्यालयात कापूस वेचणाऱ्या बाईचा एक मुलगा होता. १४ एप्रिलला तो बोलायला उभा राहिला की सभा ऐकत राही. उत्तरपत्रिका मात्र कोरी. त्याला आळशी म्हणणाऱ्यांत मीही होतो. घराण्यातल्या पहिल्या पदवीधराने असे म्हणावे, याची लाज आजही वाटते.

पुढे त्याच्याच स्वस्तातल्या स्मार्टफोनवर आम्ही मार्ग शोधला. पुस्तकाच्या पानाचा फोटो काढला की फोन ते वाचून दाखवतो. नजर ओळीवर ठेवायची, कान आवाजावर. उत्तर तोंडी सांगितले की फोन ते लिहितो. गूगलने ही सोय मराठीत २०१७ साली आणली. अडचणीही कळल्या. पुसट छपाई आणि जोडाक्षरे यंत्र चुकीची वाचते. तो ‘मले’ म्हणे, यंत्राला ‘मला’ हवे असे. प्रमाणभाषेचा पहारा इथेही आहेच! म्हणून लिहून आलेला मजकूर पुन्हा ऐकून दुरुस्त करण्याची सवय त्याला लावली. परीक्षेत फोन चालत नाही. तेथे लेखनिक आणि जादा वेळ मागावाच लागतो. ती भीक नव्हे, हक्क आहे.

ज्यांना शतकानुशतके अक्षर नाकारले गेले, त्यांच्यातून आलेल्या शिक्षकाने तरी अक्षरात अडकलेल्या मुलाला दाराबाहेर ठेवू नये. ‘ढ’ म्हणण्याआधी त्याला तोच प्रश्न एकदा तोंडी विचारावा.