मुक्त पुस्तकाचे शुद्धिपत्र

छापील पाठ्यपुस्तकाची पारख बहुधा छपाईआधीच होते. संपादक, परीक्षक, अभ्यास मंडळ असे टप्पे असतात. मुक्त शैक्षणिक साधने मात्र कोणालाही विनामूल्य वापरता येतात, बदलता येतात, पुन्हा वाटता येतात. हे नाव २००२ मध्ये युनेस्कोच्या पॅरिस येथील बैठकीत रूढ झाले. दर्जाचा प्रश्न तेव्हापासून पाठीशी आहेच. विनामूल्य साहित्यावर शिकणे आपल्याकडे आता थेट गुणपत्रिकेपर्यंत पोचले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१च्या नियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम्’वरून करता येतात.

पारखण्याच्या पद्धती आहेत. कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने १९९७ मध्ये सुरू केलेल्या ‘मर्लोट’ संग्रहात त्या त्या विषयाचे प्राध्यापक तीन गोष्टी पाहतात : आशयाचा दर्जा, शिकवण्यातली उपयुक्तता आणि वापरण्यातली सुलभता. मिनेसोटा विद्यापीठाच्या ‘ओपन टेक्स्टबुक लायब्ररी’त निकष दहा. त्यांत अचूकता आहे, सुगमता आहे, तशी सांस्कृतिक समर्पकताही आहे. हा निकष आपण फार हलका घेतो. व्याजाचे उदाहरण अमेरिकी विद्यार्थी-कर्जावर बेतलेले असेल, तर बारावीपर्यंत मराठीत शिकलेली मुलगी गणिताआधी त्या कर्जाशीच झगडत बसते. तिचे मत मात्र या समीक्षणांत नसते, लिहिणारे प्राध्यापकच.

माझ्या मते खरी कसोटी ही, की चूक सापडल्यावर पुढे काय होते? राइस विद्यापीठाच्या ‘ओपनस्टॅक्स’ची पुस्तके २०१२ पासून येत आहेत. तिथे कोणीही चूक कळवू शकतो. ती तपासून दुरुस्त होते आणि कळवलेल्या चुकांची यादी सर्वांना पाहता येते. आपल्या जुन्या ग्रंथांतले शुद्धिपत्रच ते, फक्त कधी न संपणारे. (त्या पानाची आपल्या प्रकाशकांना उगाच लाज वाटू लागली.)

उलट, काही साधने फुकट असतात पण बदलायला मनाई असते. अशा क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याच्या नावात ‘एनडी’ ही अक्षरे दिसतात. तिथे शिक्षकाला चूक दिसली तरी सुधारलेली प्रत वाटता येत नाही, मराठी अनुवादही नाही. ती जरूर वाचावीत. मुक्त म्हणू नये.

एक अडचण उरतेच. संकेतस्थळावर सुधारलेले प्रकरण विद्यार्थ्यांच्या फोनमध्ये फिरणाऱ्या जुन्या पीडीएफमध्ये आपोआप सुधारत नाही. म्हणून शिक्षकाने पुस्तकाच्या नावाबरोबर आवृत्तीची तारीखही सांगावी आणि सत्र सुरू होण्याआधी चुकांची यादी एकदा चाळावी.