कार्ब्युरेटर साफ केला, तरी पिस्टन का जातो?

१९९०च्या दशकातली टू-स्ट्रोक जेट स्की वर्ष-दोन वर्षं पडून राहिली, की बाहेर काढल्यावर पहिला उपाय ठरलेला असतो. कार्ब्युरेटर उतरवायचा, स्प्रे मारायचा आणि परत बसवायचा. इंजिन फुरफुरून चालू होतं, सगळ्यांना हायसं वाटतं, आणि थोड्याच फेऱ्यांत भर पाण्यात पिस्टन चिकटतो. घाण कार्ब्युरेटरमध्ये सापडते, पण बहुतेक वेळा ती येते मागून, टाकीकडून. म्हणून टाकीपासून जेटपर्यंतचा सगळा मार्ग एकदमच हाती घ्यायला हवा.

‘पाइप बाहेरून चांगले आहेत, कशाला बदलायचे?’

त्या काळातल्या सी-डू ब्रँडच्या जेट स्कीमध्ये करड्या रंगाचे पेट्रोल पाइप असत. बाहेरून ते आजही धडधाकट दिसतात. आतला थर मात्र पेट्रोलमध्ये विरघळत जातो आणि त्याचा हिरवट, चिकट लगदा होतो. पाइप उभा चिरून आत बोट फिरवलं, तर तो बोटाला लागतो. हाच लगदा पुढे जाऊन कार्ब्युरेटरमध्ये बसतो. करडे पाइप ठेवून कार्ब्युरेटर कितीही वेळा धुतला, तरी तो पुन्हा तुंबणारच. हे पाइप सगळेच्या सगळे काढायचे, टाकीकडे परत जाणारासुद्धा, आणि त्या जागी इथेनॉल सोसणारे काळे रबरी फ्युएल पाइप घालायचे. ऑन-रिझर्व्ह-ऑफचा कॉकही उघडून बघायचा, कारण लगदा त्याच्या आतही साचतो.

‘स्कूटरचा कार्ब्युरेटर करणारा मिस्त्री हाही करेल’

हात कुशल असेल तर जरूर करेल, पण रचना वेगळी आहे हे त्याला ठाऊक हवं. स्कूटरच्या कार्ब्युरेटरमध्ये फ्लोट असतो. जेट स्की पाण्यात उलटते, तिथे फ्लोटचा उपयोग नाही, म्हणून हिला डायफ्रामचा कार्ब्युरेटर असतो. सी-डूमध्ये तो मिकुनी कंपनीचा असे. पेट्रोल ओढणारा पंपही त्याच्याच अंगात असतो. क्रँककेसमधला दाब सतत कमी-जास्त होतो. तो एका बारीक नळीतून येऊन पंपाचा डायफ्राम हलवतो. पंपाचं झाकण काढलं की आत नखाएवढी बारीक जाळी दिसते. हिरवा लगदा नेमका इथे अडकतो. कार्ब्युरेटरच्या तोंडातून मारलेला स्प्रे किंवा टाकीत ओतलेलं क्लीनर ही जाळी मोकळी करत नाही, ती हातानेच काढून धुवावी लागते.

जाळीच्या पुढे नीडल व्हॉल्व्ह. तो किती दाबाला उचलावा हे त्याखालची छोटी स्प्रिंग ठरवते. ही स्प्रिंग कापू नये, ताणूही नये. जेटमध्ये तार घालू नये, भोक मोठं होतं. डायफ्राम, गॅस्केट, नीडल हे सगळं चांगल्या किटमधलं नवं घालावं. स्वस्त किटमधला डायफ्राम ताठर निघाला, तर केलेलं काम वाया जातं.

‘चालू होते ना, मग ठीक आहे’

आयडलला पेट्रोल थोडंच लागतं, ते तुंबलेल्या जाळीतूनही येतं. पूर्ण थ्रॉटलवर मात्र पुरत नाही. मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, ज्वलनाची उष्णता वाढते, पिस्टनचा माथा वितळतो किंवा तो सिलिंडरला चिकटतो. दोन कार्ब्युरेटरच्या मशीनमध्ये कधी एकच सिलिंडर जातो, त्याचं कारण हेच.

‘गळत नाही, म्हणजे पाइप घट्ट आहेत’ हाही असाच फसवा दिलासा. टाकीपासून पंपापर्यंत पेट्रोल ओढलं जातं. त्यामुळे सैल क्लॅम्पमधून किंवा फिल्टरच्या जुन्या ओ-रिंगमधून पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत शिरते, आणि मिश्रण पुन्हा लीन. खात्री करायची तर सुमारे ५ पीएसआय हवा भरून दाब टिकतो का ते बघावं, आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावावं.

जुन्या पेट्रोलचं काय? आपल्याकडे आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल ओल धरतं. कोकणात जलक्रीडा पावसाळ्यात बंद असतात आणि मशीन महिनोन्महिने दमट हवेत उभी राहते. ओल फार झाली की पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात, आणि पेट्रोल ओढणारी नळी तळाजवळच असते. वरून ताजं पेट्रोल ओतू नये, टाकी पूर्ण रिकामी करून पुसून घ्यावी.

हे सगळं जोडल्यावर लगेच स्टार्टरचं बटण दाबू नये. बंद हलमध्ये, म्हणजे मशीनच्या पोकळ अंगात, पेट्रोलची वाफ तळाशी साचते आणि एका ठिणगीने स्फोट होतो. आधी सीट काढून हल उघडा ठेवावा, वास येत नाही ना ते बघावं, मगच इंजिन चालू करावं. पहिली फेरी अर्ध्या थ्रॉटलवर, किनाऱ्याजवळ. परत आल्यावर दोन्ही प्लग काढून रंग बघावा: पांढरट दिसला तर मिश्रण अजून लीन आहे, आणि कुठून तरी हवा शिरते आहे किंवा पेट्रोल अडतं आहे.