पेपर सबमिट करण्याआधी: त्या चार जणी कुठे गेल्या?

माझा पहिला पेपर चौथ्या दिवशी परत आला. समीक्षकांकडे गेलाच नव्हता. गरोदर महिलांमधल्या ॲनिमियावरचं काम, दोन वर्षांचा डेटा, गाइडनी तीनदा वाचलेला मसुदा. आणि संपादकांच्या मेलमध्ये मोजून तीन ओळी. त्यातली एक अशी: गोषवाऱ्यात २१२ सहभागी आहेत, पहिल्या तक्त्यात २०८. उरलेल्या चार जणींचं काय झालं?

उत्तर मला माहीत होतं. चार नमुन्यांतलं रक्त ट्यूबमध्येच गोठलं होतं, म्हणून ते विश्लेषणातून काढले होते. पण गोषवारा मी एका परिषदेसाठी आधीच लिहून ठेवला होता आणि तोच उचलून पेपरला जोडला. बाकी पेपरमध्ये या चौघींबद्दल एक शब्दही नव्हता. आता संपादकांच्या खुर्चीत बसून बघा. चार सहभागी ज्याच्या हातून हरवतात, त्याच्या बाकीच्या आकड्यांवर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा?

तेव्हापासून मी सबमिशनच्या तयारीकडे एकाच प्रश्नातून बघते: अनोळखी वाचकाला माझं प्रत्येक विधान तपासून बघता येईल का? तुम्हीही खालचा क्रम याच प्रश्नासह वाचा.

१. आधी जर्नल ठरवा

पूर्ण पेपर लिहून मग जर्नल शोधलं की सगळं पुन्हा कापावं लागतं. दोन-तीन जर्नल्स निवडा, त्यांचे गेल्या वर्षभरातले अंक चाळा. तुमच्यासारखा अभ्यास तिथे छापला जातो का? नसेल, तर पेपर कितीही चांगला असला तरी तो 'आमच्या कक्षेत बसत नाही' म्हणून परत येणार. मग लेखकांसाठीच्या सूचनांची प्रिंट काढा: शब्दमर्यादा, तक्त्यांची संख्या, गोषवाऱ्याचे उपमथळे, शुल्क.

'४८ तासांत स्वीकृती' असा मेल आला तर तो सरळ डिलीट करा. यूजीसीने केअर यादी २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे 'यादीत आहे ना, मग झालं' ही सोयही आता राहिली नाही. जर्नल मेडलाइनमध्ये आहे का, हे अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या कॅटलॉगमध्ये मोफत बघता येतं. आणि एक लक्षात ठेवा: एखादा पेपर पबमेडवर दिसला म्हणजे ते जर्नल मेडलाइनमध्ये आहेच, असं नाही.

२. चेकलिस्ट सोबत घेऊन लिहा

वैद्यकीय संशोधनात अभ्यासाच्या प्रकारानुसार ठरलेल्या चेकलिस्ट आहेत. यादृच्छिक चाचणीसाठी कन्सॉर्ट, निरीक्षणात्मक अभ्यासासाठी स्ट्रोब, पद्धतशीर आढाव्यासाठी प्रिझ्मा, केस रिपोर्टसाठी केअर (वर म्हटलेली यूजीसीची केअर यादी वेगळी). या सगळ्या इक्वेटर नेटवर्कच्या संकेतस्थळावर एकत्र मिळतात.

बरेच जण ही चेकलिस्ट शेवटच्या रात्री पान क्रमांक टाकून भरतात. मीही तेच केलं होतं. स्ट्रोबच्या २२ मुद्द्यांपैकी तेरावा मुद्दा विचारतो, की प्रत्येक टप्प्यावर किती सहभागी होते आणि जे गळले ते का गळले. मी तिथे टिक केली होती! तो मुद्दा नीट वाचला असता, तर त्या चौघी तिथेच सापडल्या असत्या.

३. लिहिण्याचा क्रम उलटा ठेवा

तक्ते आणि आकृत्या आधी पक्क्या करा. मग पद्धती, मग निष्कर्ष, नंतर चर्चा आणि प्रस्तावना. गोषवारा सगळ्यात शेवटी, आणि कोरा कागद घेऊन. जुना गोषवारा पेस्ट करायचा नाही.

चर्चेत मोह आवरा. एकाच वेळी घेतलेल्या माहितीवरून 'यामुळे ते होतं' असं म्हणता येत नाही, 'दोन्हींचा संबंध दिसतो' एवढंच म्हणता येतं. मर्यादा स्वतःहून लिहा. नाहीतर समीक्षक लिहितील.

४. लेखक कोण, हे वेळेत बोला

हा विषय अवघड आहे, म्हणूनच सगळे टाळतात. वैद्यकीय जर्नल संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे, म्हणजे आयसीएमजेईचे, चार निकष आहेत: अभ्यासाची आखणी, माहिती गोळा करणं किंवा विश्लेषण यांत ठोस वाटा, मसुदा लिहिणं किंवा त्यात वैचारिक सुधारणा करणं, अंतिम प्रतीला मान्यता, आणि सगळ्या कामाची जबाबदारी घेणं. चारही हवेत. फक्त विभागप्रमुख असणं यात बसत नाही. नमुने तपासणाऱ्या लॅब टेक्निशियनने एवढंच काम केलं असेल, तर त्यांचं नाव त्यांना विचारून आभारात घ्या.

'सर, नाव घालू नका असं वाटतंय' हे आपण कोणीच बोलू शकत नाही, मला माहीत आहे. पण प्रोटोकॉल लिहितानाच 'सर, निकषांप्रमाणे कोण काय करणार ते लिहून ठेवूया का?' हे विचारता येतं. तोच कागद पुढे कामाला येतो. एआय टूल वापरलं असेल तर तेही सांगा. ते लेखक होऊ शकत नाही आणि त्याच्या चुका तुमच्याच नावावर जमा होतात.

५. परवानग्यांची फाइल

नैतिकता समितीचा मंजुरी क्रमांक आणि तारीख पेपरमध्ये हवी. क्लिनिकल ट्रायल असेल तर सीटीआरआय नोंदणी लागते, आणि १ एप्रिल २०१८ पासून ती पहिला सहभागी घेण्याआधीच करावी लागते. नंतर धावपळ करून काही होत नाही. रुग्णाचा फोटो वापरणार असाल तर डोळ्यांवर काळी पट्टी पुरेशी मानली जात नाही. ओळख पटण्याची शक्यता असेल तर लेखी संमती घ्या.

६. शेवटचा दिवस

पेपर एका वेळी एकाच जर्नलला पाठवा. समीक्षकांपासून नाव लपवायचं असेल तर फाइलच्या प्रॉपर्टीजमधलं तुमचं नावही पुसा. संदर्भ मूळ पेपर उघडून तपासा. दुसऱ्याच्या यादीतून उचललेला संदर्भ दुसऱ्याची चूकही घेऊन येतो. कव्हर लेटर एका पानाचं: काय विचारलं, काय सापडलं, या जर्नलच्या वाचकाला त्याचं काय.

आणि हे नक्की करा. पेपरची प्रिंट काढा, एका मित्राला किंवा मैत्रिणीला समोर बसवा. तिने तक्त्यातला आकडा मोठ्याने वाचायचा, तुम्ही तो गोषवाऱ्यात आणि मजकुरात शोधून टिक करायची. एक दुपार जाते. माझ्या दुसऱ्या फेरीत अशाच दुपारी आणखी दोन टक्केवाऱ्या चुकीच्या सापडल्या.

माझा पेपर पुढे दुसऱ्या जर्नलकडे गेला आणि या वेळी समीक्षकांपर्यंत पोचला. त्यात आता एक साधं वाक्य आहे: रक्त गोठल्यामुळे चार नमुने विश्लेषणातून वगळले. त्या चौघीही इतरांसारख्याच ओपीडीबाहेर ताटकळल्या होत्या, संमतीपत्रावर सही-अंगठा दिला होता, सुई टोचून घेतली होती. त्यांचा निकाल मला देता आला नाही, पण त्या आल्या होत्या हे तरी कागदावर राहिलं.

पुढच्या लेखात बघू, समीक्षकांच्या शेऱ्यांना उत्तर कसं लिहायचं. तोवर तुमचा मसुदा उघडा आणि फक्त एक गोष्ट तपासा: सहभागींची संख्या सगळीकडे एकच आहे ना? आणि नसेल, तर कारण लिहिलंय ना?