केशरोपण: टकलावर वेगळे, व्रणावर वेगळे

डोक्यावरचा व्रण बहुधा जुना असतो. लहानपणी झोक्यावरून पडून झालेली खोक, अंगावर उकळते पाणी सांडून भाजलेली जागा, अपघातानंतरच्या शस्त्रक्रियेच्या टाक्यांची रेघ. केस दाट असेपर्यंत तो झाकलेला राहतो. माणूस त्या बाजूने भांग पाडत नाही, केस कापताना ‘इथे मशीन लावू नका’ असे सांगतो आणि अशीच वर्षे निघून जातात. मग केस विरळ होऊ लागतात किंवा घरात लग्नाची बोलणी सुरू होतात, आणि प्रश्न येतो: तिथे केस लावून मिळतील का?

बऱ्याच जणांना मिळतात. मुळात ही शस्त्रक्रिया टकलासाठी जन्मलेलीच नाही. जपानमधील त्वचारोगतज्ज्ञ शोजी ओकुदा यांनी 1939 मध्ये तिचे वर्णन केले, ते भाजल्यामुळे किंवा व्रणामुळे केस गेलेल्या टाळूवर आणि भुवयांवर केस लावण्यासाठी. महायुद्धाच्या धामधुमीत ते काम जपानबाहेर फारसे पोचले नाही. न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइख यांनी 1959 मध्ये आपले काम प्रसिद्ध केल्यावर टकलासाठी केशरोपण रुळले. डोक्याच्या मागच्या बाजूचे केस कुठेही लावले तरी आपला मूळ स्वभाव सोडत नाहीत, हे त्यांनी दाखवून दिले.

हे तत्त्व व्रणालाही लागू आहे, पण जमीन वेगळी आहे. टकलाच्या जागी केस नसले तरी कातडी निरोगी असते, तिचा रक्तपुरवठा चांगला असतो. व्रणात केसांची मुळे नष्ट झालेली असतात, त्यांची जागा घट्ट तंतूंनी घेतलेली असते आणि रक्तवाहिन्या कमी असतात. काढलेले केशमूळ नव्या जागी पहिले काही दिवस आजूबाजूच्या ऊतींमधून पाझरणाऱ्या प्राणवायूवरच तगते. त्यामुळे व्रणात मुळे जगण्याचे प्रमाण कमी राहते आणि ती विरळच लावावी लागतात.

मात्र याआधी एक प्रश्न सुटला पाहिजे. हा व्रण आला कुठून? पडल्याचे किंवा भाजल्याचे नक्की आठवत असेल तर ठीक. पण टाळूवर आपोआप पडलेला गुळगुळीत चट्टा हा काही वेळा चालू असलेल्या आजाराचा असतो. लायकेन प्लॅनोपिलारिस आणि डिस्कॉइड ल्युपस या आजारांत शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते. खाज, जळजळ, मुळांभोवती लाली, चिकटलेले खवले ही त्याची लक्षणे. मोठ्या माणसाच्या डोक्यावरचा जुन्या जखमेचा व्रण वाढत नाही. आजाराचा चट्टा वाढतो. अशा चट्ट्यावर केस लावले तर आजार नवी मुळेही खातो आणि कधी जास्तच चेतवला जातो. शंका असेल तिथे कातडीचा छोटा तुकडा काढून तपासावा, औषधे घ्यावीत आणि आजार किमान एक-दोन वर्षे शांत राहिल्यावरच रोपणाचा विचार करावा.

चाईची गोष्ट आणखी निराळी. चाईत मुळे मेलेली नसतात, केस पुष्कळदा परत येतात. पण तिच्यावर बिब्बा लावण्याची जुनी खोड अजून गेलेली नाही. बिब्ब्याने कातडी भाजते, आणि जिथे केस आपोआप आले असते तिथे कायमचा व्रण तयार होतो.

जखमेचा व्रण असेल तर तो पिकायला, म्हणजे मऊ आणि फिका पडायला, सहा महिने ते वर्ष द्यावे लागते. अनुभवी डॉक्टर पुष्कळदा आधी थोडी मुळे लावून पाहतात आणि काही महिन्यांनी ती रुजली का, हे बघून पुढचे ठरवतात. घाई असलेल्या माणसाला हे रुचत नाही, पण मागच्या बाजूचा साठा मर्यादित आहे. एका ग्राफ्टमध्ये एक ते चार केस असतात, आणि अनेकांच्या डोक्यावरून आयुष्यभरात 5 ते 6 हजारांच्या आसपासच ग्राफ्ट निघतात. व्रणात एका वेळी दर चौरस सेंटिमीटरला साधारण 20 ते 30 लावले जातात. म्हणजे 10 सेंटिमीटर लांब आणि 1 सेंटिमीटर रुंद रेघेला दोन-तीनशे पुरतात. तळहाताएवढ्या भाजलेल्या जागेला दोन-तीन हजार लागू शकतात. पुढे टक्कल पडण्याची शक्यता असलेल्या तरुणाने हा हिशेब आधीच करावा.

मोठ्या जागेसाठी दुसरा मार्ग आहे. केस असलेल्या कातडीखाली सिलिकॉनचा फुगा बसवून तो काही आठवडे सलाइनने थोडाथोडा फुगवतात आणि ताणलेली कातडी व्रणाच्या जागी ओढून घेतात. तेवढे दिवस डोके बेढब दिसते, चारचौघांत जाणे नकोसे होते. पण मळणी यंत्रात केस अडकून टाळूची कातडी निघालेल्या स्त्रीला सुट्या मुळांपेक्षा याचा उपयोग जास्त होतो. अरुंद व्रण कापून नीट शिवला तरी काही वेळा काम भागते. ज्यांना मारामुळे किंवा टाक्यांमुळे कातडीवर जाड, वाढत जाणारे वण उठतात, म्हणजे केलॉइड होतो, त्यांनी कोणत्याही शस्त्रक्रियेआधी ते सांगितलेच पाहिजे.

ही शस्त्रक्रिया करायची कोणी, यावर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरनेच ती करावी आणि व्हिडिओ पाहून घेतलेले शिक्षण पुरेसे नाही, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. तरी सलूनच्या वरच्या मजल्यावर हे उद्योग चालतात. भूल देणारे इंजेक्शन प्रमाणाबाहेर गेले तर झटके येऊ शकतात, हृदयाची लय बिघडू शकते; तिथे प्राणवायूचे सिलिंडरही नसते.

खर्चाबाबत एक गोष्ट फारशी कुणी विचारत नाही. आरोग्य विम्यात सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रिया वगळलेल्या असतात, पण अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरच्या पुनर्रचनेला त्यात अपवाद आहे. उपचार करणाऱ्या डॉक्टरचे प्रमाणपत्र जोडून विमा कंपनीकडून आधीच लेखी उत्तर घ्यावे.

लावलेले केस दोन ते सहा आठवड्यांत गळतात. रुग्ण घाबरतो, पण मूळ आत जिवंत असते. नवे केस तीन-चार महिन्यांनी दिसू लागतात. व्रणात त्याहून उशीर होऊ शकतो, आणि पूर्ण परिणामासाठी वर्ष ते दीड वर्ष थांबावे लागते. दुसऱ्या बैठकीचा निर्णय त्याआधी घेऊ नये.