पंधराव्या वर्षी नाकारलेला मुलगा देशाचा कर्णधार झाला!

पंधरा वर्षांच्या मुलाला एखाद्या मोठ्या संस्थेने 'तू आमच्या कामाचा नाहीस' असे सांगून परत पाठवले, तर त्याने काय करावे? त्याच्या आईबापांनी काय करावे? हा प्रश्न कष्टकरी घरांना नवा नाही. कुणाचा मुलगा भरतीत उंचीवरून मागे पडतो, कुणाच्या मुलीचा प्रवेश दोन गुणांनी हुकतो, आणि घरात आठ दिवस कुणी कुणाशी धड बोलत नाही. म्हणूनच आम्ही आज आमच्या वाचकांसमोर स्कॉटलंडमधील एका फुटबॉलपटूची हकीगत ठेवीत आहोत. त्याचे नाव अँडी रॉबर्टसन.

अंगाने लहान म्हणून नकार

रॉबर्टसनचा जन्म ११ मार्च १९९४ रोजी ग्लासगो येथे झाला. ग्लासगो म्हणजे जहाजबांधणीचे, कामगारांचे शहर, आणि फुटबॉलचे वेड तर घराघरात. तेथील सेल्टिक हा नामवंत क्लब. १९६७ साली युरोपियन चषक जिंकणारा तो पहिला ब्रिटिश संघ. लहानगा अँडी याच संघाचा चाहता, आणि त्याच्याच बाल संघात तो खेळू लागला. परंतु पंधराव्या वर्षी सेल्टिकने त्याला सोडून दिले. कारण काय? तर तो अंगाने लहान होता.

वाचकहो, खेळात कमी पडला म्हणून नकार मिळाला तर माणूस सराव वाढवू शकतो. पण उंचीला सराव कोण काय करणार? तरीही या मुलाने बूट खुंटीला टांगले नाहीत. त्याने क्वीन्स पार्क या क्लबची वाट धरली.

पगार नाही, फक्त खेळ

क्वीन्स पार्क हा १८६७ साली स्थापन झालेला स्कॉटलंडमधील सर्वांत जुना क्लब. २०१९ पर्यंत तो हौशी क्लब होता. म्हणजे खेळाडूंना खेळण्याचा पगार नाही. २०१२ साली रॉबर्टसन या क्लबच्या पहिल्या संघात आला, तेव्हा हा संघ स्कॉटिश फुटबॉलच्या सर्वांत खालच्या, म्हणजे चौथ्या पायरीवर खेळत होता.

पोटासाठी काहीतरी करणे भागच होते. हॅम्पडेन पार्क हे स्कॉटलंडचे राष्ट्रीय मैदान. क्वीन्स पार्कचे सामनेही तेव्हा तेथेच होत. त्याच हॅम्पडेनच्या कचेरीत रॉबर्टसन फोनवर तिकिटांची मागणी नोंदवून घेण्याचे काम करू लागला. ऑगस्ट २०१२ मध्ये त्याने ट्विटरवर लिहिले होते की, या वयात खिशात पैसा नसला की जिणे नकोसे होते, मला नोकरी हवी आहे. अठरा वर्षांच्या पोराचे हे साधे गाऱ्हाणे पुढे जगभर गाजले. का गाजले, ते पुढील हकीगतीवरून कळेल.

दोन वर्षांत पालटलेले दिवस

२०१३ च्या उन्हाळ्यात डंडी युनायटेड या वरच्या वर्गातील क्लबने त्याला करारबद्ध केले. पहिल्याच हंगामात स्कॉटलंडमधील व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेने त्याला वर्षातील सर्वोत्तम तरुण खेळाडू ठरवले. मार्च २०१४ मध्ये पोलंडविरुद्ध तो प्रथमच देशासाठी मैदानात उतरला. नोकरी हवी असे लिहिल्याला तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती!

त्याच उन्हाळ्यात इंग्लंडच्या हल सिटी क्लबने अठ्ठावीस लाख पौंडांहून अधिक रक्कम मोजून त्याला घेतले. येथून पुढे सारे सुखाचे झाले असे मात्र नाही. २०१५ साली हल सिटी खालच्या वर्गात घसरला, २०१६ साली वर आला आणि २०१७ साली पुन्हा घसरला. तीन वर्षांत दोन वेळा घसरण! पण घसरत्या संघातही एका खेळाडूचे कष्ट पारखी नजरेतून सुटले नाहीत. जुलै २०१७ मध्ये लिव्हरपूलने त्याला ऐंशी लाख पौंडांना घेतले.

तेथेही आधी वाट पाहणेच नशिबी आले. प्रशिक्षक युर्गेन क्लॉप यांनी पहिले काही महिने त्याला क्वचितच खेळवले. डिसेंबर २०१७ मध्ये त्याच्या जागेवरचा खेळाडू आल्बेर्तो मोरेनो जखमी झाला आणि रॉबर्टसनला संधी मिळाली. ती जागा मग त्याने सोडली नाही.

पाठीमागे राहून पुढे धावणारा

फुटबॉल फारसा न पाहणाऱ्या वाचकांसाठी थोडे सांगतो. रॉबर्टसन हा डाव्या बाजूचा बचावपटू. प्रतिपक्षाच्या खेळाडूला आपल्या गोलापर्यंत पोहोचू न देणे हे त्याचे मुख्य काम. परंतु आजच्या खेळात त्याला तेवढ्यावर भागत नाही. चेंडू आपल्या संघाकडे आला की त्याने मैदानाची कड धरून पुढे धावायचे, गोलासमोर चेंडू टाकायचा, आणि चेंडू गेला की तितक्याच वेगाने माघारी यायचे. नव्वद मिनिटे हेच. गोल दुसरा करतो, टाळ्याही त्यालाच मिळतात. पण २०१८-१९ च्या प्रीमियर लीगमध्ये ११ आणि पुढच्या हंगामात १२ गोलांना अखेरचा पास रॉबर्टसनने दिला होता. बचावपटूच्या मानाने ही मोठीच कमाई आहे.

जानेवारी २०१८ मधील मँचेस्टर सिटीविरुद्धचा सामना लिव्हरपूलचे चाहते अजून आठवतात. रॉबर्टसन आपली जागा सोडून चेंडूमागे धावला. एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे, थेट प्रतिपक्षाच्या गोलरक्षकापर्यंत! चेंडू काही हाती लागला नाही, शेवटी पंचांनी त्याच्याविरुद्धच फाउल दिला. पण लोकांनी त्या दिवशी त्याला आपला मानले.

२०१८ मध्ये चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना लिव्हरपूल हरला. २०१९ च्या उपान्त्य फेरीत बार्सिलोनाने पहिला सामना ३-० असा जिंकला होता. परतीच्या सामन्यात लिव्हरपूलने ४-० असा चमत्कार घडवला. त्या सामन्यात पायाच्या दुखापतीमुळे रॉबर्टसनला मध्यंतरालाच बाहेर बसावे लागले आणि त्याच्या जागी आलेल्या जॉर्जिनियो वाइनाल्डमने दोन गोल केले. संघ म्हणजे काय, हे यावरून समजावे. पुढे माद्रिदला टॉटनहॅमला २-० असे हरवून लिव्हरपूलने चषक जिंकला. २०२० साली तीस वर्षांनंतर लीगचे विजेतेपद आले आणि २०२५ साली ते पुन्हा मिळाले.

पुन्हा हॅम्पडेन

सप्टेंबर २०१८ मध्ये रॉबर्टसन स्कॉटलंडचा कर्णधार झाला. स्कॉटलंडचा पुरुष संघ १९९८ पासून एकाही मोठ्या स्पर्धेत पोहोचला नव्हता. नोव्हेंबर २०२० मध्ये बेलग्रेड येथे सर्बियाला पेनल्टी किकवर हरवून बावीस वर्षांचा हा दुष्काळ संपला. २०२१ आणि २०२४ च्या युरो स्पर्धांत संघ पहिल्या फेरीपुढे गेला नाही, हेही सांगितले पाहिजे. परंतु १८ नोव्हेंबर २०२५ रोजी हॅम्पडेनवर डेन्मार्कचा ४-२ असा पराभव करून स्कॉटलंडने २०२६ च्या विश्वचषकात प्रवेश मिळवला. त्या आनंदातही कर्णधाराचे डोळे भरून आले. लिव्हरपूलमधील त्याचा पोर्तुगीज मित्र दिओगो जोटा जुलै २०२५ मध्ये मोटार अपघातात गेला होता. विश्वचषक खेळण्याच्या गोष्टी दोघांनी मिळून केल्या होत्या. दिवसभर त्याचीच आठवण येत होती, असे रॉबर्टसनने सांगितले.

भुकेची आठवण ठेवणारा

आम्हांस या खेळाडूची आणखी एक गोष्ट मोलाची वाटते. ब्रिटनसारख्या श्रीमंत देशातही अनेक कुटुंबांची चूल मुश्किलीने पेटते. अशांना शिधा मोफत देणारी केंद्रे आहेत, त्यांना फूड बँक म्हणतात. आपल्या एकविसाव्या वाढदिवशी रॉबर्टसनने आप्तमित्रांना सांगितले की, मला भेटी नकोत, ते पैसे फूड बँकेला द्या. २०२० च्या कोरोना साथीत त्याने ग्लासगोतील फूड बँकांना मदत केली. गरीब मुलांसाठी त्याने एक संस्थाही काढली. लिव्हरपूलच्या एका लहान मुलाने आपले खाऊचे पैसे फूड बँकेला दिल्याचे कळले, तेव्हा त्याने त्या मुलाला स्वतः पत्र लिहिले आणि सोबत शर्ट पाठवला. तोही स्वतःचा नव्हे, तर संघाचा गोल करणारा खेळाडू फिर्मिनो याचा! बचावपटूचा शर्ट कोण मागतो, अशी थट्टा त्याने त्यात केली होती.

पालकांनो, नाकारलेला प्रत्येक मुलगा रॉबर्टसन होत नाही. क्लबांनी सोडून दिलेली असंख्य मुले पुन्हा मोठ्या मैदानावर दिसत नाहीत, हे सत्य आम्ही लपवणार नाही. परंतु पंधराव्या वर्षी कुणी केलेले माप हे आयुष्याचे माप नव्हे, एवढे या हकीगतीवरून निश्चित घ्यावे. रॉबर्टसनने मिळेल ती लहान जागा घेतली, पोटासाठी काम धरले आणि खेळ सोडला नाही. तुमच्या घरात आज एखादे मूल नकार घेऊन परत आले असेल, तर त्याला रागे भरू नका. आधी दोन घास जेवू घाला. मग दुसरा दरवाजा कोणता, ते त्याच्याबरोबर बसून शोधा.